सह्याद्रीकर बेडूक: आडनाव वाचलं, गाव चुकलं

(ताज्या भागाचं लिखित रूप. बसमध्ये आहात आणि इयरफोन घरी राहिले, तर वाचा. बोलताना अडखळलेली वाक्यं आणि मागून येणारी कुकरची शिट्टी काढून टाकली आहे.)



आजचा भाग दुरुस्तीचा आहे. मी एक चूक केली, ती तुमच्यातल्या एकाला महागात पडली. म्हणून आधी चूक सांगते आणि मग त्या चुकीच्या निमित्ताने एका भन्नाट बेडकाची गोष्ट सांगते.

[००:३५] काय घडलं

पावसाळी बेडकांवरचा भाग आठवतोय? त्यात ओघाओघात मी म्हणाले होते, "जांभळा बेडूक, शास्त्रीय नाव नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस. आता नावातच सह्याद्री आहे म्हटल्यावर तो आपल्या घाटात असणारच. जमिनीखाली राहतो, वाळवी खातो. डोळे उघडे ठेवा!" हे वाक्य माझ्या स्क्रिप्टमध्ये नव्हतं. माइकसमोर सुचलं आणि बोलून गेले.

दहा-बारा दिवसांनी एक व्हॉइस नोट आली. कोल्हापूर जिल्ह्यातला, बारावीतला मुलगा. आवाजात नुसता आनंद. "ताई, सापडला! आमच्या परसात जांभळा बेडूक सापडला! फोटो पाठवलाय, बघा." फोटोत ओल्या मातीत बसलेला, फुग्यासारखा गोल, काळपट बेडूक. मी प्रवासात होते. फोटो नीट मोठा करूनही पाहिला नाही. "अभिनंदन! भारीच!" असं लिहून दोन टाळ्या टाकल्या.

त्याने माझ्या उत्तराचा स्क्रीनशॉट गावाच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याचे चार मित्र कुदळी घेऊन आले. मी म्हणाले होते ना वाळवी खातो, मग वारुळात असणार. त्यांनी शेताच्या बांधावरची दोन वारुळं खणून काढली. त्यातल्या एका वारुळाला त्याची आजी दर नागपंचमीला हळदकुंकू वाहायची. आजी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

आणि बेडूक? तो जांभळा बेडूक नव्हताच.

माझी एक मैत्रीण उभयचरांवर काम करते. तिला मी मोठ्या उत्साहाने तो फोटो पाठवला होता. तिचा फोन आला. म्हणाली, "हा युपेरोडॉन आहे. इंग्रजीत याला बलून फ्रॉग म्हणतात. आपल्याकडे असतो, जमिनीत राहतो, पहिल्या पावसात वर येतो. छान बेडूक आहे, पण तू सांगितलास तो नाही. तू बेडकाचं आडनाव वाचलंस आणि त्याला घर देऊन मोकळी झालीस."

[०३:५०] आडनाव आणि गाव

तिचं ते वाक्य डोक्यात राहिलं. कारण आपल्याकडे नवीन माणूस भेटला की आपण दोनच गोष्टी विचारतो. आडनाव काय? आणि गाव कुठलं? आडनावावरून माणूस कुठल्या घरातला ते कळतं, गावावरून कुठे राहतो ते कळतं. आणि आपल्या आडनावांत तर गावच असतं. सातारकर, पुणेकर, नगरकर. पण एखादे सातारकर तीन पिढ्या डोंबिवलीत असतात, हेही आपल्याला माहीत आहे. आडनाव ऐकून कोणी त्यांना शोधायला साताऱ्याची एसटी पकडत नाही.

शास्त्रीय नावाचंही तसंच आहे. त्यात दोन शब्द असतात. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. शाळेत घोकलेलं आठवा: वर्ग, गण, कूळ, प्रजाती, जाती. आपल्या बेडकाचा वर्ग उभयचर, कूळ नासिकाबॅट्रॅकिडी, प्रजाती नासिकाबॅट्रॅकस आणि जात सह्याद्रेन्सिस.

आता फोड करू. 'नासिका' हा आपला संस्कृत शब्द, म्हणजे नाक. 'बॅट्रॅकस' ग्रीकमधून आला, म्हणजे बेडूक. नाकवाला बेडूक. नाशिक शहराशी याचा संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण ती कमेंटसुद्धा आली होती. आणि 'सह्याद्रेन्सिस' मधला 'एन्सिस' हा लॅटिन प्रत्यय म्हणजे जवळजवळ आपला 'कर'. सह्याद्रीकर.

गोंधळ इथेच झाला. मी सह्याद्री म्हणते तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हरिश्चंद्रगड, महाबळेश्वर, आंबोली येतं. नाव देणाऱ्यांच्या मनातला सह्याद्री म्हणजे अख्खा पश्चिम घाट. तापीच्या दक्षिणेपासून थेट कन्याकुमारीजवळपर्यंत, साधारण १६०० किलोमीटर. त्यातला हा बेडूक राहतो पार खालच्या टोकाला, केरळात आणि त्याला लागून असलेल्या तमिळनाडूत. महाराष्ट्रात, गोव्यात त्याची नोंद नाही.

[०६:३०] नवीन घराणं

हा बेडूक जगासमोर आला २००३ च्या ऑक्टोबरमध्ये. एस. डी. बिजू आणि बेल्जियमचे फ्रँकी बॉस्युइट यांनी 'नेचर' या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. नमुना केरळच्या इडुक्की जिल्ह्यातला, कट्टप्पनाजवळचा.

दिसायला कसा? भरताच्या वांग्याला चार आखूड पाय लावा. सुमारे सात सेंटीमीटर लांब, फुगीर, जांभळट, डोळे बारीक, डोकं अंगाच्या मानाने इवलंसं, आणि पुढे टोकदार नाक, त्याच्या टोकावर पांढुरका उंचवटा. मागच्या पायांनी माती उकरत हा उलटा खाली जातो.

नवीन जात सापडणं तसं नवल नाही. पश्चिम घाटात गेल्या वीसेक वर्षांत कितीतरी नवे बेडूक सापडले. पण याच्यासाठी नवीन कूळच करावं लागलं. म्हणजे बघा, गावात नवीन माणूस आला आणि त्याचं आडनाव कुठल्याच घराण्याशी जुळेना. बेडकांमध्ये असं नवं घराणं सापडण्याची वेळ त्याआधी १९२६ मध्ये आली होती.

हे कळलं कसं? नुसतं दिसण्यावरून ठरवलं असतं तर फसगत झाली असती. कोल्हापूरच्या त्या मुलाचा युपेरोडॉन आठवा. तोही गोल, तोही आखूड पायांचा, तोही जमिनीत राहून वाळवी-मुंग्या खाणारा. दोघं एकमेकांसारखे दिसतात कारण दोघांचं काम एक आहे. गवंड्याच्या आणि शेतकऱ्याच्या हाताला सारखेच घट्टे पडतात, म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. माती उकरणाऱ्या प्राण्याला गोल अंग, मजबूत मागचे पाय आणि छोटं डोकं सोयीचं पडतं, म्हणून वेगवेगळ्या घराण्यांत तशी अंगं तयार झाली.

म्हणून संशोधकांनी डीएनए पाहिला. जगातल्या वेगवेगळ्या कुळांतल्या बेडकांशी तुलना केली. सगळ्यात जवळचे नातेवाईक निघाले सेशेल्स बेटांवर. हिंदी महासागरात, केरळपासून सुमारे तीन हजार किलोमीटरवर.

त्या नातेवाइकांच्या कुळाचं नाव सूग्लॉसिडी. आज त्यांच्या चारच जाती आहेत, माहे आणि सिल्हुएट यांसारख्या बेटांवरच्या ओल्या जंगलांत. त्यातला एक, गार्डिनरचा बेडूक, जेमतेम एक सेंटीमीटरचा. करंगळीच्या नखावर बसेल. आणि आपला पठ्ठ्या वांग्याएवढा. शेजारी ठेवले तर कोणी चुलत भाऊ म्हणणार नाही.

[१०:१०] खारं पाणी आणि तीन हजार किलोमीटर

आता प्रश्न. बेडूक समुद्र पोहून जात नाही. त्याची कातडी पातळ, खाऱ्या पाण्यात तो टिकत नाही. मग एक भाऊ केरळात आणि एक सेशेल्सला कसा?

उत्तर असं, की बेडूक फारसे हललेच नाहीत. जमीन हलली. भारत, मादागास्कर आणि सेशेल्स एकेकाळी गोंडवाना या महाखंडाचे शेजारी तुकडे होते. मादागास्कर आधी सुटलं. मग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा भारतापासून वेगळा झाला आणि मागे राहिला. भारत उत्तरेकडे सरकत आशियाला भिडला. एकाच घराण्याची एक शाखा इकडच्या जमिनीवर राहिली, एक तिकडच्या.

आणि इथे आपला खरा संबंध येतो. सेशेल्स सुटत होतं साधारण त्याच काळात दख्खनवर लाव्हा ओतला जात होता. थरावर थर. आपले गड ज्या काळ्या कातळावर उभे आहेत, वेरुळची लेणी ज्यात कोरली आहेत, तो हा दगड. त्याचं वयही साडेसहा कोटींच्या आसपास. म्हणजे रायगडाचा कातळ तयार होत होता, तेव्हा या बेडकाचे पूर्वज दक्षिणेत कुठेतरी माती उकरत असावेत. ही दोन घराणी नेमकी कधी वेगळी झाली, याचे आकडे अभ्यासाच्या पद्धतीनुसार बदलतात. काही अभ्यास ते दहा कोटींच्या पलीकडे नेतात. पण बोली कोटींचीच आहे. पश्चिम घाटाबद्दल आपण नुसतं 'निसर्गरम्य' म्हणतो, त्याच्या पोटात हे आहे.

[१२:४०] गाव शोधायचं कसं

घराणं ठरलं. आता गाव. ते शोधणं जास्त अवघड आहे, कारण हा बेडूक वर्षातले जवळजवळ सगळे दिवस जमिनीखाली काढतो. वळवाच्या, मान्सूनपूर्व सरी सुरू झाल्या की थोडे दिवस वर येतो. नर मातीखालूनच ओरडतात, आवाज कोंबडीच्या कॉक-कॉकसारखा. नर मादीपेक्षा बराच लहान, तिच्या पाठीला चिकटतो. ओढ्याच्या खडकातल्या कपारीत मादी हजारांत अंडी घालते. आणि मंडळी परत मातीत.

म्हणून केरळात त्याला पाताळातला बेडूक म्हणतात, आणि मावेली, म्हणजे महाबळीचा बेडूक असंही म्हणतात. महाबळी म्हणजे आपल्या पाडव्याचा बळीराजा. केरळात मानतात की तो ओणमला वर्षातून एकदा पाताळातून प्रजेला भेटायला येतो. बेडूकही तसाच, वर्षातून एकदा. म्हणजे विज्ञानाला २००३ मध्ये 'सापडला', पण तिथल्या लोकांच्या ओळखीचा होताच.

खरं तर विज्ञानाच्याही हातात तो एकदा आला होता. १९१८ च्या सुमारास नेल्सन ॲनन्डेल आणि सी. आर. नारायण राव यांनी त्याच्या बेडूकमाशांचं, म्हणजे टॅडपोलचं वर्णन केलं होतं. मोठा बेडूक मात्र समोर नव्हता. त्यामुळे ते पिल्लू कोणाचं, हे कळायला आठ दशकांहून जास्त काळ गेला.

हे बेडूकमासे फार जबरदस्त आहेत. त्यांच्या तोंडाशी चोषक असतो. पावसाळी ओढ्याच्या धो धो धारेत ते खडकाला चिकटून राहतात आणि शेवाळ खरवडतात. साधारण शंभर दिवसांनी बेडूक होऊन मातीत शिरतात. मोठा बेडूक दिसणं नशिबाचा भाग, पण पिल्लं तीन महिने ओढ्यात असतात. त्यामुळे गाव शोधायचं तर पिल्लं शोधायची आणि पहिल्या सरींत कान द्यायचा.

तसं शोधत गेल्यावर नकाशा बदलत गेला. आधी वाटलं, हा फक्त पालघाट खिंडीच्या दक्षिणेला आहे. पालघाट म्हणजे घाटाच्या भिंतीतलं मोठं दार, तीस-चाळीस किलोमीटर रुंद. डोंगरातल्या ओल्या जंगलात राहणाऱ्या कितीतरी जातींना ते ओलांडता आलेलं नाही. पण नंतर सायलेंट व्हॅलीच्या परिसरात, म्हणजे खिंडीच्या उत्तरेलाही नोंदी मिळाल्या. आज त्याचा ज्ञात टापू उत्तरेला वायनाडच्या बाजूच्या कॅमल्स हंप डोंगररांगेपासून दक्षिणेला अगस्त्यमलईच्या उत्तर भागापर्यंत मानला जातो.

मग २०१७ मध्ये आणखी एक गंमत झाली. घाटाच्या पूर्व उतारावर, तमिळनाडूत श्रीविल्लिपुत्तूरजवळ याच कुळातली दुसरी जात वर्णन केली गेली, नासिकाबॅट्रॅकस भूपती. हे नाव सुब्रमण्यम भूपती या सरीसृप आणि उभयचरांच्या अभ्यासकाच्या स्मरणार्थ आहे. २०१४ मध्ये अगस्त्यमलईच्या डोंगरात काम करताना त्यांचा मृत्यू झाला. पश्चिमेकडचा बेडूक नैऋत्य मोसमी पावसाशी आपलं वेळापत्रक बांधतो, पूर्वेकडचा ईशान्य मोसमी पावसाशी. एकाच डोंगराच्या दोन बाजू, पाऊस वेगळा, लग्नाचा मुहूर्त वेगळा. म्हणजे वर्गीकरण बदललं की नकाशाही बदलतो. आधी जे सगळं एका जातीचं गाव धरलं असतं, ते दोघांत वाटलं गेलं.

[१७:२०] "मग आपल्याकडे नसेलच कशावरून?"

हा प्रश्न त्या मुलाने मला विचारला, आणि प्रश्न चुकीचा नाही. मी मैत्रिणीला विचारलं. ती म्हणाली, "उत्तरेकडे कधीच सापडणार नाही असं मी म्हणत नाही. पुरावा नाही असं म्हणते. पुरावा म्हणजे बेडूक, पिल्लू, आवाजाचं रेकॉर्डिंग किंवा डीएनए. नावातला सह्याद्री हा पुरावा नाही."

आणि यात नुसतं ज्ञान पणाला लागलेलं नाही. बेडूक कुठे आहे यावर त्याला कुठे जपायचं ते ठरतं. कोरड्या ऋतूत कोणी ओढ्याची पाहणी केली तर कागदावर लिहिणार, 'इथे काही नाही'. मग तिथे बंधारा बांधला, रस्ता काढला, ओढा वळवला, की वाहत्या पाण्यात खडकाला चिकटून वाढणाऱ्या पिल्लांची जागाच गेली. इडुक्कीतल्या काही वस्त्यांत हे बेडूकमासे खायलाही पकडतात. २०१५ मध्ये त्यावर अभ्यास प्रसिद्ध झाला आणि हा या जातीला थेट धोका असल्याचं त्यात म्हटलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या खाणाऱ्यांना खलनायक ठरवून उपयोग नाही, पण धोका कुठल्या ओढ्यात आहे हे माहीत असेल तरच तिथल्या लोकांशी बोलता येतं.

उलट बाजूही आहे. खोटी नोंद झाली की नकाशात जात 'सगळीकडे आहे' असं दिसतं, आणि जी सगळीकडे आहे तिची काळजी कोण करणार? माझं एक वाक्य नकाशापर्यंत गेलं नाही, हे नशीब. दोन वारुळांपर्यंत मात्र गेलं.

आणि आपल्याकडचं बघायचंच असेल तर ज्याचं गाव खरंच महाराष्ट्रात आहे त्याच्याकडे बघू. कोयनेचा भेक १९६३ मध्ये वर्णन झाला. तेव्हा त्याला जगभर पसरलेल्या ब्यूफो या मोठ्या प्रजातीत टाकलं होतं. २००९ मध्ये डीएनए आणि इतर लक्षणं तपासून त्याच्यासाठी झँथोफ्रिनी ही वेगळी प्रजाती केली गेली, आणि त्याच वेळी आंबोलीचा भेक ही तिची दुसरी जात जाहीर झाली. अंगावर वाघासारखे पट्टे, म्हणून नाव टायग्रिना. आययूसीएनच्या यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, कारण त्याचा टापू फार लहान आहे. पावसाळ्यात आंबोलीला धबधबा बघायला गाड्या भरून जाणाऱ्यांनो, रात्री घाटात गाडी हळू चालवा. रस्त्यावर उड्या मारतोय तो कदाचित या जातीचा असेल.

[२०:४५] फोटो पाठवण्याआधी

मैत्रिणीकडून तीन गोष्टी शिकले, तुम्हालाही देते.

एक, बेडूक दिसला तर खणू नका, उचलू नका. वरून, बाजूने आणि समोरून फोटो काढा. जांभळ्या बेडकाचं टोकदार नाक समोरच्या एका फोटोत कळलं असतं.

दोन, ठिकाण, तारीख, वेळ आणि पाऊस होता का, हे लगेच लिहून ठेवा. ठिकाण नसलेला फोटो अभ्यासकाच्या फारसा कामाचा नाही.

तीन, ओरडत असेल तर फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. पुष्कळ जाती डोळ्यांपेक्षा कानाने लवकर ओळखू येतात. मग हे सगळं आयनॅचरलिस्टसारख्या ॲपवर टाका. तिथे जाणकार लोक ओळख पटवतात. माझ्या टाळ्यांवर अजिबात विसंबू नका.

त्या मुलाला मी फोन केला आणि माफी मागितली. तो म्हणाला, "ताई, आजीला फोन देऊ का?" दिला. आजींना मी सगळं सांगितलं, केरळ, सेशेल्स, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "ते असू दे बाई. वारूळ वाळवी परत बांधंल. पर पोरांना कुदळ घ्यायला सांगत जाऊ नकोस."

नाही सांगणार, आजी.

मुलाने युपेरोडॉनची नोंद ठिकाण-तारखेसकट ॲपवर टाकली आहे. पुढच्या वळवाच्या पावसात तो परसातले आवाज रेकॉर्ड करून पाठवणार आहे. ते आपण पुढे एखाद्या भागात ऐकू, आणि त्या वेळी ओळख आधी मैत्रिणीकडून तपासून घेऊ.

जुन्या भागातलं ते वाक्य मी काढलेलं नाही. त्याच्या वर्णनात दुरुस्ती लिहिली आहे आणि या भागाची लिंक दिली आहे. ज्यांनी तो भाग पुढे पाठवला असेल त्यांनी हाही पाठवा.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या.